क्सांटन ते केवेलार, पायी

आमच्या आकुर्डीत तुकोबांच्या पालखीचा पहिला मुक्काम असतो, देहूतून निघाली की पहिली रात्र आमच्या विठ्ठल मंदिरात. त्यामुळे वारी ही माझ्यासाठी कुठंतरी जायची गोष्ट कधी नव्हतीच, ती दारात यायची. आई रात्री दोनपर्यंत पिठलं भाकरी करत बसायची आणि आम्ही पोरं वारकऱ्यांच्या पायाला तेल लावायचो. पण पायी चालणं कधी झालं नाही, कॉलेज मग नोकरी मग लग्न, आणि सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या जॉबमुळे थेट जर्मनी, डुइसबुर्ग. तर पहिली वारी केली ती इथं. पंढरपूरची नाही, मारियाची, म्हणजे येशूच्या आईची.

झालं असं की आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या घरातल्या, त्यांना सगळे ओमाच म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांच्या चर्चचा ग्रुप दरवर्षी ऑगस्टमध्ये एका शनिवारी केवेलारला, मारियाच्या तीर्थाच्या गावाला, चालत जातो. मी एकदा त्यांना फोनमधले वारीचे व्हिडिओ दाखवले तर त्या गप्प बसून दहा मिनिटं बघत राहिल्या, मग म्हणल्या "हे तर आम्ही पण करतो गं, फक्त आम्ही इतकं नाचत नाही." म्हणलं ओमा मी येऊ का? मी काही ख्रिश्चन नाही. तर म्हणल्या, चालायला लागतात पाय, बाप्तिस्म्याचा दाखला कोण बघतंय.

सकाळी लवकरच्या ट्रेनने क्सांटन. हे ऱ्हाइन नदीच्या डाव्या अंगाला, रोमन काळातलं मोठं शहर होतं, ट्रॅजन बादशहाच्या नावाची वसाहत, आता त्याचे अवशेष गावाबाहेर पार्क करून ठेवलेत. गावात संत व्हिक्टरचं भलंमोठं चर्च आहे तिथून आम्ही निघालो, साधारण साठ माणसं. पुढे एक मुलगा लाकडी क्रूस घेऊन, त्याच्यामागे झेंडा, दोन जण पिवळी जॅकेटं घालून गाड्या थांबवायला, आणि एकाच्या पाठीवर छोटा स्पीकर. मला तर लगेच आपली दिंडीच दिसायला लागली. क्रूसवाला म्हणजे पताकावाला, पिवळ्या जॅकेटवाले चोपदार, आणि स्पीकरवाल्या काकू म्हणजे विणेकरी. त्या जपमाळेची अर्धी ओळ म्हणायच्या आणि उरलेली अर्धी सगळे, पन्नास पन्नास वेळा तेच. मला शब्द नीट येत नव्हते पण दहाव्या वेळेला तोंडात बसले, हरिपाठ कसा पाठ न करता पाठ होतो तसं.

रस्ता सपाट. म्हणजे किती सपाट, तर वाटेत झोन्सबेकच्या आसपास जेमतेम ऐंशी नव्वद मीटरच्या टेकड्या आहेत, त्यांना हे लोक झोन्सबेकचं स्वित्झर्लंड म्हणतात! दिवेघाट चढलेल्या माणसाला दाखवायची सोय नाही. पण ओमांनी सांगितलं ते आवडलं, की हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या बर्फाने पुढे ढकलत आणलेली वाळू आणि खडी आहे ती, बर्फ वितळला आणि ढिगारा इथंच राहिला. बाकी सगळं मका, बटाटा, साखरेचं बीट, विटांची लाल घरं आणि डोकं छाटलेली विलोची झाडं. ती झाडं दुरून मुंडन केलेल्या माणसांची रांग वाटते.

झोन्सबेकला वाटाण्याचं घट्ट सूप मिळालं आणि एक गोष्ट पण. तिथं संत गेरेबेर्नसचं देऊळ, म्हणजे चॅपल आहे. सांगतात की क्सांटनचे चोर आत्ताच्या बेल्जियममधल्या गेल गावात संत डिम्फ्नाच्या अस्थी पळवायला गेले, ती काही मिळाली नाही, पण तिच्यासोबतचा हा गेरेबेर्नस मिळाला, मग त्यालाच घेऊन आले. भानुदासांनी विजयनगरहून विठ्ठल परत आणला ती कथा मी ओमांना मोडक्या जर्मनमध्ये सांगायला घेतली. त्या हसून म्हणल्या, म्हणजे देव पळवायची सवय सगळीकडेच आहे. म्हणलं नाही हो ओमा, आमचे परत आणायला गेलेले! फरक आहे!

झोन्सबेकनंतर माझ्या डाव्या टाचेला फोड आला. नवीन बूट, माझीच अक्कल. मागे एक गाडी असते थकलेल्यांसाठी, तिच्यात मी बसावं असं तिघांनी सुचवलं, पण ऐंशी वर्षांची बाई पुढे चालतेय आणि आकुर्डीची पोरगी गाडीत, असं आईला सांगायची हिंमत नव्हती. पट्टी लावली आणि चालले.

मग विनेकनडोंक आलं. हे गाव आता स्वतंत्र गाव नाही, केवेलार शहराचा भाग आहे, पण ते तिथल्या माणसाला म्हणून बघा. चर्चपाशी एक काका पाणी वाटत होते, मी सहज म्हणलं, आलो का केवेलारला? तर एकदम ताठ होऊन, "ताई, हे विनेकनडोंक आहे. केवेलार अजून चार किलोमीटर." मला इतकं हसू आलं कारण मी पण हेच करते, कुणी म्हणलं तू पुण्याची ना, तर मी म्हणते नाही, आकुर्डीची. चिंचवडची म्हणलं तरी चिडते.

ओमांनी मग चालता चालता सगळं उलगडलं, त्यांचं माहेर वेटनचं, तेही आता केवेलारमध्येच. 1969 साली इथल्या सरकारने छोट्या छोट्या ग्रामपंचायती एकत्र केल्या, त्यात केवेलार, वेटन, ट्विस्टेडन, विनेकनडोंक, केर्वेनहाइम, केर्वेनडोंक अशी सगळी मिळून एक शहर झालं. केवेलारला शहराचा दर्जा त्याच्या वीस वर्षं आधी म्हणजे 1949 ला मिळालेला. आता सगळी मिळून अठ्ठावीस हजारांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्याकडे एका प्रभागात मावेल. मी म्हणलं ओमा आमचं पण सेम, 1970 ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी चार गावं मिळून नगरपालिका झाली, पुढे महानगरपालिका. फक्त आमच्याकडे मधली शेतं राहिली नाहीत. इथं राहिलीत. गावं एकमेकांपासून तीन चार किलोमीटरवर, मध्ये मका, प्रत्येकाचं चर्च वेगळं आणि उत्सव वेगळे, एक आहे तो फक्त महापौर.

ते 'डोंक' म्हणजे काय तर दलदलीतला कोरडा उंचवटा. नीअर्स नदीचं खोरं सगळं पाणथळ होतं, लोक वाळूच्या उंचवट्यांवर घरं बांधायचे, म्हणून गावांच्या नावात डोंक. आपल्याकडे माळ, खोरं, वाडी असतं तसं.

आणि एक भारी गोष्ट म्हणजे ही गावं आधी एका राज्यात नव्हतीच. विनेकनडोंक आणि केर्वेनहाइम क्लेवच्या ड्यूककडे, जे पुढे ब्रांडेनबुर्गकडे (म्हणजे नंतरच्या प्रशियाकडे) गेलं, म्हणजे प्रोटेस्टंट राजा. आणि नीअर्सपलीकडचं केवेलार, वेटन, ट्विस्टेडन हे गेल्डर्नमध्ये, म्हणजे स्पेनच्या कॅथलिक राजाकडे. होय, स्पेन! तेव्हा नेदरलँडचा दक्षिण भाग स्पेनचा होता आणि हा त्याचाच तुकडा. 1713 मध्ये हाही प्रशियाकडे गेला तेव्हा कुठे दोन्ही बाजूंना एक राजा आला. आम्ही नीअर्सचा छोटासा पूल ओलांडला, खाली संथ हिरवट पाणी आणि त्यात एक जण कनू वल्हवत होता, पूर्वीच्या दोन राज्यांच्या मधोमध. इंद्रायणीला निदान फेस तरी असतो, असं म्हणून मी गप्प बसले.

आता मुख्य गोष्ट. देव इथं आला कसा.

युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध (1618 ते 1648) चालू होतं. 1635 मध्ये क्रोआट (क्रोएशियाच्या) सैनिकांनी केवेलारच्या लोकांवर हल्ला केला, लोक मातीच्या तटबंदीत लपलेले, शंभराच्या आसपास माणसं मारली गेली. गावच केवढं, त्यात शंभर. सहा वर्षांनी, 1641 च्या ख्रिसमसच्या सुमाराला, हेन्ड्रिक बुसमान नावाचा फेरीवाला वेत्सेहून गेल्डर्नकडे चालला होता, केवेलारजवळ माळावर रस्ते एकमेकांना छेदतात तिथं एक क्रूस होता, त्याच्यापुढे हा प्रार्थनेला थांबला तर आवाज आला, इथं माझ्यासाठी एक छोटं देऊळ बांध. इकडे तिकडे बघितलं, कोणी नाही. पुढच्या दिवसांत परत तिथून गेला, परत तेच. एकूण तीन वेळा. आता फेरीवाल्याकडे कुठले पैसे, पण तो रोजच्या कमाईतून थोडे थोडे बाजूला टाकायला लागला. मग त्याच्या बायकोला, मेखेलला, रात्री उजेडात एक देवळी दिसली आणि आत मारियाचं चित्र. तसंच चित्र तिला काही दिवसांपूर्वी सैनिकांनी विकायला दाखवलेलं, लक्झेंबर्गच्या मारियाची कागदावर छापलेली तसबीर, आणि तिने महाग म्हणून घेतलं नव्हतं. (ही बाई मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खरी वाटते.) नवऱ्याने तिला ते चित्र शोधायला पाठवलं. 1 जून 1642 ला गावच्या पाद्रीने ते त्या रस्त्यावरच्या देवळीत बसवलं आणि त्या दिवसापासून लोक यायला लागले ते आजतागायत.

मी चालता चालता थांबलेच. 1641. म्हणजे तेव्हा देहूत तुकोबा होते! दहाएक वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ होऊन गेलेला, घरातली माणसं गेलेली, दुकानाचं दिवाळं निघालेलं. इकडे युद्धानं उद्ध्वस्त गाव आणि एक फेरीवाला, तिकडे दुष्काळानं उद्ध्वस्त मुलूख आणि एक वाणी. याला आवाज येतो देऊळ बांध, त्यांच्या स्वप्नात नामदेव येतात विठ्ठलाला घेऊन आणि सांगतात अभंग लिही. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मी हे ओमांना सांगितलं, त्यांनी तुकाराम हे नाव तीन वेळा म्हणून बघितलं, 'तुकाराम, व्यापारी' असं वहीत लिहून घेतलं. तुकोबांना व्यापारी म्हणणं जरा जड गेलं, पण चूक पण काय त्यात.

गावात शिरलो आणि मला आधी वास आला. कढीपत्त्याचा! म्हणलं उन्हात चालून डोकं फिरलं का. पण नाही, ओमा गालात हसत होत्या, त्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तमिळ लोकांची यात्रा होती. श्रीलंकेतल्या युद्धामुळे जर्मनीत आलेले तमिळ 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून दर ऑगस्टमध्ये इथं जमतात, हजारोंनी, आसपासच्या देशांतूनही, आणि त्यात हिंदू पण भरपूर. कांजीवरम साड्या, गजरे, कडेवर पोरं, स्टीलचे डबे. मध्ये लिंडनची झाडं असलेला चौक, आणि त्या चौकात नवऱ्याची वाट बघत असलेल्या एका बाईला मी इंग्लिशमध्ये विचारलं, तुम्ही ख्रिश्चन? म्हणली नाही, आम्ही हाम शहरातल्या कामाक्षी मंदिरात जातो, पण इथं पण येतो. अम्मा आहे ना. विषय संपला.

त्या चित्राचं नाव आहे दुःखितांचं सांत्वन करणारी. युद्धातून पळून आलेल्यांना ते कुणी समजावून सांगायची गरज पडली नसणार. शेजारच्या हॉलंडमध्ये तर कॅथलिकांना रस्त्यावर मिरवणूक काढायला खूप काळ बंदी होती, तेव्हा तिथले लोक सीमा ओलांडून इथं यायचे, अजून येतात. 1987 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे येऊन गेले.

चौकात मोठी बॅसिलिका आहे, 1858 ते 64 मध्ये बांधलेली, आत छतापासून खांबापर्यंत इतके रंग की डोळे थकतात. मेणबत्त्यांचं चॅपल त्याहून जुनं, 1643 ते 45 चं, तिथं वेगवेगळ्या गावांच्या दिंड्यांनी दिलेल्या उंचच उंच मेणबत्त्या, आणि त्यांच्यावर गावांच्या नावांच्या ढाली. पण जिच्यासाठी हे सगळं, ती मधल्या छोट्या सहा कोनी घुमटीत आहे, 1654 ची, त्या जुन्या देवळीभोवतीच बांधलेली. बाहेरूनच एका खिडकीतून दर्शन. मी रांगेतून पुढे गेले, सोन्याची मोठी चौकट दिसली, त्यात बघते तर आत एक कागद. जुना पिवळट कागद, पोस्टकार्डाएवढा. त्यावर मुकुट घातलेली बाई, हातात बाळ, मागे शहर. मेखेलला महाग वाटलेला तो हाच.

मला वाटलेलं मूर्ती असेल. कागद बघून का कुणास ठाऊक रडू आलं. मागच्या तमिळ आजीने पाठीवर हात ठेवला आणि लगेच पुढे पण ढकललं, रांग होती ना.

ओमांनी बाहेर दोन मेणबत्त्या लावल्या, एक त्यांच्या नवऱ्यासाठी आणि एक, म्हणल्या, त्या तुझ्या व्यापाऱ्यासाठी. परतीच्या ट्रेनमध्ये त्या झोपल्या, मी बूट काढून पाय समोरच्या बॅगेवर ठेवले आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे अकरा वाजून गेलेले, तरी जागी होती. आधी टाच दाखव म्हणाली. मग विचारलं,

"पायावर डोकं ठेवलंस का?"

"नाही गं आई, खिडकीतूनच. आणि पाय नाहीच, कागद आहे."

"म्हणजे मुखदर्शन," आई म्हणाली. "ठीक आहे, पहिल्या वर्षी तेवढंच मिळतं. पुढच्या वेळी जुन्या चपला घालून जा."

तोवर क्रेफेल्ड आलं, गाडी बदलायची होती, ओमांना उठवलं.