पर्जन्यमापकाचा शून्य

महाड तालुक्यातल्या एका वाडीच्या डोक्यावरच्या उतारावर आमची दरडसूचक यंत्रणा बसवलेली आहे. जुलैतल्या त्या रात्री दोनच्या सुमारास संगणकाचा पडदा हिरवागार होता. दरडीची शक्यता ०.१८, गेल्या चार तासांत पाऊस शून्य. पोलीस पाटलांना फोन लावला, तर म्हणाले, "साहेब, संध्याकाळपासून नुसता धो धो लागलाय, बोललेलं ऐकू येत नाय."

यंत्रणेतला पर्जन्यमापक दोन कप्प्यांच्या झुलत्या बादलीचा. तोंड २०० मिमी व्यासाचं, ०.२ मिमी पाऊस म्हणजे साधारण ६.३ मिली पाणी साठलं की बादली कलंडते आणि एक विद्युत ठोका पाठवते. नरसाळ्याची जाळी पानं आणि चिखलाने बुजली की पाणी काठावरून सांडून जातं, ठोका येत नाही आणि लॉगर (नोंदी ठेवणारं यंत्र) इमानदारीने शून्य लिहितो. तार तुटली तरी तेच. जमिनीतल्या पाण्याचा दाबमापक बिघडला तर काहीतरी अचाट आकडा देतो, लगेच कळतं. पर्जन्यमापकाचा बिघाड मात्र कोरड्या दिवसासारखा दिसतो.

दरडीची शक्यता काढणाऱ्या संगणकीय मॉडेलमध्ये गेल्या ७२ तासांच्या पावसाला सर्वांत जास्त वजन आहे. त्याने पाऊस नाही असं धरलं आणि बाकीच्या खुणा दाबून टाकल्या. खऱ्या दरडींची उदाहरणं मोजकी असल्यामुळे मॉडेलला असा प्रसंग शिकायलाच मिळालेला नव्हता.

खुणा मात्र बोलत होत्या. मुरूम संपून कातळ लागतो तिथे, सहा मीटर खोल बोअरमध्ये पाण्याचा दाब संध्याकाळपासून ११ किलोपास्कलने वाढला होता. म्हणजे पाणी मीटरभराहून जास्त चढलेलं. कलमापक दिवसरात्रीच्या तापमानामुळे ०.०५ अंश इकडेतिकडे होतो आणि परत येतो. त्या रात्री दोन खांबांवरचे मापक उताराच्याच दिशेने ०.३ आणि ०.२ अंश गेले होते, परतत नव्हते. एकच खांब कलला असता तर गुरानं अंग घासलं असं म्हटलं असतं (तसं होतं, आणि वारंवार होतं). दोन्ही एकाच दिशेने कलले की तो संशय संपतो.

पायथ्याच्या पर्जन्यमापकावर संध्याकाळपासून १६० मिमी होते. तो आकडा हाताने भरताच शक्यता ०.७४ वर गेली. आमची लाल रेषा ०.६ ला आहे. भोंगा वाजवला, पाटलांनी घरोघर जाऊन माणसं पलीकडच्या शाळेत नेली. सकाळी वरच्या भेगेवरच्या दोन खुंट्यांमधलं अंतर टेपने मोजलं, ९ सेंमी वाढलेलं. उतार कोसळला नाही. पण भेग रुंदावल्यावर माणसांना खाली ठेवायला मी तयार नव्हतो, माळीण आणि इर्शाळवाडीनंतर तर नाहीच.

आता दुसरा पर्जन्यमापक झाडांपासून लांब, वेगळ्या खांबावर आहे. मातीचा ओलावा चढतोय आणि पाऊस शून्य, असं दिसलं की लॉगर शून्याऐवजी 'नोंद अविश्वसनीय' पाठवतो आणि मॉडेल शेजारचा आकडा घेतं. पावसाळ्याआधी ६३० मिली पाणी अर्ध्या तासात थेंबथेंब ओतून १०० ठोके येतात का पाहतो. ९८ ते १०२ चालतात. भसकन ओतलं तर बादली कलंडताना पाणी निसटतं आणि ठोके कमी पडतात, मुसळधार पावसातही हेच होतं. जाळी दर आठवड्याला साफ करायची. तेव्हा बादली हलून दोन-तीन खोटे ठोके पडतात, म्हणून वेळ वहीत लिहायची, म्हणजे ते नंतर वजा करता येतात.