टपरी बंद होती त्या दुपारी

आमचा सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेतला पूर्ण बिल्ड, म्हणजे सगळ्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार होणं, ३८ मिनिटांचा. हिंजवडीतलं ऑफिस, सातवा मजला. बिल्ड लावला की जो तो आपापल्या वाटेला लागायचा. एक जण जिन्याने खाली उतरून पुन्हा चढून यायचा. शेजारची मैत्रीण लातूरला आईला फोन लावायची, आणि आई पलीकडून आधी विचारायची, "लागला का गं बिल्ड?" मी टपरीवर.

चहा होऊन परत बसलो की मघाशी नेमकं काय बदललं होतं तेच आठवायचं नाही. याचा मला फार त्रास व्हायचा. मिनिटं गेल्याचं एवढं नाही, पण विचाराचा धागा तुटला की तो पुन्हा जुळवण्यात अख्खी दुपार जायची. म्हणून एक वही केली. बिल्ड लावण्याआधी दोन ओळी लिहायच्या: काय बदललं, काय घडायला हवं.

जुलैत एके दुपारी असा पाऊस कोसळला की टपरीच बंद. जागेवर बसून राहिलो. वहीत लिहिलं होतं, "हेडर फाइलमधली फक्त एक कॉमेंट सुधारली. दोन-चार फाइल्स कंपाइल होतील." हेडर म्हणजे इतर फाइल्स आत ओढून घेतात ती फाइल, कॉमेंट म्हणजे कोडमधली माणसासाठीची टीप, आणि कंपाइल म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर; ते करतो तो कंपायलर. टर्मिनलवर निन्जाचा, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आकडा आला: २१४० पैकी १. म्हणजे दोन-चार नाही, २१४० कामं.

निन्जा फाइलमधला मजकूर बघत नाही, ती शेवटची कधी बदलली ते बघतो, हे माहीत होतं. पण ही हेडर इतक्या ठिकाणी पोचलीच कशी? एरवी मी या वेळी खाली असायचो, त्यामुळे हा आकडा कधी डोळ्यांसमोर आलाच नव्हता.

दुसऱ्या टर्मिनलमध्ये एक ९० ओळींची साधी फाइल घेतली आणि जीसीसी या कंपायलरला कॅपिटल एचचा पर्याय दिला. त्याने कोणती हेडर कोणामार्फत आत येते ते टिंबांच्या उतरंडीत दिसतं. यादी सहाशेच्या वर गेली. तेव्हा गूगलमध्ये असलेले प्रोग्रॅमर रॉब पाइक यांनी सांगितलेली २००७ची गोष्ट आठवली. गूगलमधल्या एका प्रोग्रॅमचा मूळ कोड ४.२ एमबी, पण हेडर उलगडून कंपायलरपुढे येईपर्यंत ८ जीबीच्या वर. असाच ४५ मिनिटांचा बिल्ड चालू असताना त्यांच्या मनात गो या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेचा विचार सुरू झाला, आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट ग्रीझमर व केन टॉम्पसन त्यात सामील झाले. वाचलं तेव्हा ते आकडे दूरचे वाटले होते.

उतरंडीवरून बोट फिरवत वर गेलो. सगळीकडे लागणाऱ्या एका सामाईक हेडरने माझी हेडर आत ओढली होती, तीही एका पॉइंटरसाठी, म्हणजे मेमरीतल्या नुसत्या पत्त्यासाठी. पॉइंटर केवढा असतो हे कंपायलरला ठाऊकच असतं. त्या पत्त्यावर जे असतं त्याची आखणी, म्हणजे पूर्ण क्लास, त्याला दाखवायची गरज नसते, नाव पुरतं. हेडर आत ओढणारी इन्क्लूडची ओळ काढली, तिथे क्लासचं नुसतं नाव जाहीर केलं. मग एररचा पूर आला. ज्यांना खरोखर ती हेडर हवी होती, त्या प्रत्येक फाइलमध्ये ती लिहिता लिहिता रात्रीचे साडेनऊ झाले. मैत्रीण शेवटपर्यंत थांबली, अर्ध्या फाइल्स तिने केल्या.

पुन्हा तीच कॉमेंट बदलली, पुन्हा बिल्ड लावला. १६० पैकी १. चार मिनिटांत कंपाइल संपलं, लिंकिंगला, म्हणजे सगळे तुकडे जोडायला, दोन मिनिटं वर. मैत्रीण फोनवर म्हणत होती, "आई, आज बिल्ड नाही गं, आज मीच लावलाय फोन."