धुऱ्यावरची तार: नागभीड ते सिंदेवाही

नागपूरहून उमरेड, भिवापूर मागे टाकून नागभीडच्या अंगाला लागलं की दोन्हीकडे धानाच्या बांध्या आणि बांध्यांना खेटूनच जंगल. मध्ये कुंपण नाही. ब्रह्मपुरी वनविभागातले बरेचसे वाघ अभयारण्याच्या हद्दीबाहेर, याच पट्ट्यात फिरतात. घोडाझरीला 2018 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पर्यटक तिथल्या तलावाकडे वळतात. आम्ही शिकारीसाठी लावलेले तारेचे फास शोधायला निघतो, म्हणून आमची वाट धुऱ्याची, म्हणजे बांधीच्या काठाची.

इथं रानातलं मटण म्हणजे आधी रानडुक्कर, मग चितळ, भेकर, ससा, घोरपड. शिकार झाली की त्याच रात्री वाटे पडतात, कारण मांस टिकत नाही आणि पुरावा तर त्याहून ठेवायचा नसतो. सकाळी हाती लागतात ते केस, रक्त सांडलेली माती आणि चुलीतली हाडं. म्हणून शोध घ्यायचा तो मटणाचा नाही, तारेचा.

हंगाम दोन. धान निसवल्यापासून कापणीपर्यंत डुकरं बांधीत उतरतात, तेव्हा धुरा बघायचा. मार्च ते मे पाणी आटतं, तेव्हा बोडीकडे, म्हणजे छोट्या तळ्याकडे उतरणाऱ्या पायवाटा. पाच-सहा जणांनी आठ-दहा मीटर अंतर ठेवून ओळीत चालावं, सकाळच्या तिरप्या उन्हात. डोळे गुडघ्याच्या उंचीवर. नवखे हमखास पायाखाली बघत चालतात आणि फास नाकासमोरून निसटतो. क्लचची किंवा ब्रेकची जुनी तार गंजली की वाळल्या वेलीसारखी दिसते. ती एका बाजूने दिसत नाही, उलट फिरताना उजेडात चमकते, म्हणून तीच वाट परतीला पुन्हा तुडवायची. तारेआधी खुणा दिसतात: झुडपांचा मुद्दाम रचलेला आडोसा आणि त्यात सोडलेलं एखादंच खिंडार, ताज्या तोडीचे खुंट, सालीवर तारेचा घासलेला वळ.

एक फास सापडला की लगेच काढू नये. आधी फोटो, मग जीपीएसवर बिंदू, मग दोन्ही दिशांना त्याच ओळीत शोध. फास सहसा एकटा नसतो. वनरक्षकाला शिकाऱ्याला पकडायला दबा धरून बसायचं असेल तर तार जागीच राहू द्यावी लागते. काढायची ठरली तर नुसता फास कापून भागत नाही. बुंध्याला उरलेली तार पुन्हा वापरात येते, म्हणून खुंट्यासकट उपटून, चिठ्ठी लावून पिशवीत टाकायची. जनावर जिवंत अडकलं असेल तर जवळ जायचं नाही. ते जितकं झटकतं तितकी तार आत रुतते. माणसं मागे घ्यायची आणि पशुवैद्यक येईपर्यंत गर्दी आवरायची. गावातली गर्दी आवरणं हेच त्यातलं सगळ्यात अवघड काम.

करंटची गोष्ट वेगळी. शेताजवळून जाणाऱ्या विजेच्या लाईनवर आकडा टाकून उघडी तार धुऱ्याने नेतात. 11 केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या लाईनवरही टाकतात. ओळीत ठोकलेल्या खुंट्या, त्यांवर बाटलीचा गळा किंवा प्लास्टिकचा तुकडा, खाली करपलेलं गवत दिसलं की जागीच थांबायचं. बांधीत पाणी असेल तर करंट जमिनीतूनही पसरतो. दोन पायांत अंतर जितकं जास्त तितका धोका जास्त, म्हणून मागे सरताना पाय न उचलता घासत, छोटी पावलं टाकत जायचं. खिशातला घरगुती टेस्टर इथं जीव घेईल. सबस्टेशनला फोन करून फीडर, म्हणजे तिथून निघणारी ती लाईन, बंद करून घ्यायचा आणि लाईनमनने अर्थिंग केल्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

सबस्टेशनची नोंदवहीही आमच्या कामाची. रात्री एखादा फीडर ठरावीक वेळी ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, किंवा डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) डीओ फ्यूज वारंवार जातो. कारण फांदी असू शकते. पण वारा नसताना हे घडत असेल तर त्या लाईनखालून पायी फिरावं.

“डुकरं धान लोळवून टाकतात जी, तार नाही लावू तं काय करू?” हे धुऱ्यावर ऐकू येतंच, आणि ते खोटं नसतं. जागल करून माणूस थकतो, नुकसानीचा पंचनामा व्हायला वेळ लागतो. पण पिकाची राखण झटका मशीनने होते. ती बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते, साधारण सेकंदाला एक, क्षणभराचाच झटका देते आणि जनावर दचकून मागे फिरतं. आकड्याची तार सोडत नाही. म्हणून मशीन कुठंच नाही आणि तार लाईनला जोडलेली, तर ती राखण नव्हे. मेलेलं डुक्कर खाल्लंही जातं हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

तार डुक्कर आणि वाघ ओळखत नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास एप्रिल 2017 मध्ये नागभीड परिसरात अशाच करंटने मेला. त्याला पुरून टाकलं होतं. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून निदान शोध लागला.

वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाघासारखं पहिल्या अनुसूचीतलं जनावर निघालं तर किमान तीन, कमाल सात वर्षं. नुसतं मांस घरात ठेवलं तरी गुन्हा. “बकऱ्याचं आहे” या उत्तरावर डीएनए तपासणी हाच उपाय, आणि शिजलेल्या मटणातूनही प्राणी ओळखता येतो. फक्त नमुना नीट हवा. सुपारीएवढा तुकडा स्वच्छ चिमट्याने उचलून शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवायचा. फॉर्मेलिन अजिबात नाही, त्याने डीएनए तुटतो. पंच दोन, सील त्यांच्यासमोर, बाटलीवर जागा, तारीख, वेळ.

सहलीला आलेल्यांनी तार दिसली तर 1926 वर वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ला फोन करावा आणि गावाचं नाव, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक सांगावा. तो खांबावर रंगवलेला असतो.