मॅडम, उलटं फिरवलं तर?
एस.वाय.च्या बॅचला त्या दिवशी फोटोसेलचं प्रॅक्टिकल होतं. बल्ब दूर सरकवत रीडिंग घ्यायची आणि प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो हे ग्राफवर दाखवायचं. उत्तर आधीच माहीत, त्यामुळे मुलं जांभया देत होती. म्हणून मी एरिक होल्मबर्गचा विषय काढला.

दोन दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे दोन प्रचंड समूह, एकमेकींजवळून गेल्या तर त्यांचं काय होतं, हे या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाला 1941 साली काढायचं होतं. हाताशी संगणक नाही. पण गुरुत्वाकर्षणही प्रकाशासारखंच अंतराच्या वर्गाने कमी होतं. मग त्याने एकेका दीर्घिकेसाठी 37 बल्ब मांडले, कुठल्या बाजूने किती प्रकाश येतो ते फोटोसेलने मोजलं आणि तीच गुरुत्वाची ओढ धरून बल्ब थोडे थोडे सरकवत नेले.

पोरं एकदम जागी झाली. आपणही करू या म्हणाली. आमचे लॅबमधले मामा शांतपणे म्हणाले, "चौऱ्याहत्तर बल्ब? स्टॉक रजिस्टरात काय लिहू?"

मग कॉम्प्युटरवर बसलो. अलार आणि युरी टूमरे या भावांनी 1972 मध्ये वापरलेली युक्ती घेतली: दोन जड केंद्रं, आणि एकीभोवती वस्तुमान नसलेले 120 ठिपके गोल फिरत ठेवलेले. ठिपके एकमेकांना ओढत नाहीत, त्यामुळे हिशेब झटपट होतो. दुसरं केंद्र म्हणजे पाहुणी दीर्घिका; ती जवळून गेली आणि ठिपक्यांची चकती फाटली. पाहुणीच्या दिशेने ठिपक्यांचा पूल निघाला, आणि बरोबर विरुद्ध बाजूला एक लांबलचक शेपटी.

"ओढणारी तिकडे, मग शेपटी इकडे कशी?"

मी तोंड उघडायच्या आत रत्नागिरीचा मुलगा म्हणाला, "भरती दोन्हीकडे येते ना तशी." अगदी तेच. जवळच्या बाजूला ओढ सर्वांत जास्त, केंद्राला त्याहून कमी, पलीकडच्या बाजूला सर्वांत कमी. पलीकडचे ठिपके मागे राहतात. चंद्र एवढ्यावर थांबतो. इथे मात्र फिरणारे ठिपके कायमचे भिरकावले जातात.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला: "मॅडम, चकती उलटी फिरवली तर?"

तिलाच पुढे बोलावलं. तिने वेगाचं चिन्ह बदललं, रन दिलं. पाहुणी त्याच वाटेने, तितक्याच अंतरावरून गेली. चकती जराशी थरथरली, कडेचे ठिपके थोडे विस्कटले, बस्स. पूल नाही, शेपटी नाही. सगळ्यांना वाटलं, प्रोग्रॅमच बिघडला. पुन्हा चालवला, तरी तेच.

टूमरे बंधूंनाही हेच दिसलं होतं. पाहुणी ज्या दिशेने वळते त्याच दिशेने तारा फिरत असेल, तर तो बराच काळ तिच्या सोबत राहतो आणि ओढ एकाच दिशेने साठत जाते. उलट फिरणारा तारा झटकन समोरून निघून जातो. ओढीला त्याच्यावर पकड घ्यायला वेळच मिळत नाही. हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलंय, पण एका उणे चिन्हाने ते जेवढं पटलं तेवढं फळ्यावर कधीच पटलं नव्हतं.

मग हस्त नक्षत्रातल्या अँटेना दीर्घिकांचा फोटो लावला: दोन गाभे एकमेकांत घुसलेले आणि दोन लांब वाकड्या शेपट्या. "यातले तारे आपटले असतील?" नाही. ताऱ्यांमधली अंतरं इतकी प्रचंड आहेत की ते एकमेकांना चुकवून आरपार जातात. आपटतात ते वायूचे ढग, आणि तिथे नव्या ताऱ्यांची झुंबड उडते.

आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेचा प्रश्न येणारच होता. ती आपल्या आकाशगंगेवर आदळणारच, हे बातम्यांचं आवडतं वाक्य. 2025 मधल्या एका अभ्यासात, पुढच्या 1000 कोटी वर्षांत दोघींच्या विलीनीकरणाची शक्यता जवळपास निम्मीच निघाली, हे सांगितल्यावर काहींची चक्क निराशा झाली.

मागच्या बाकावरची मात्र अजून स्क्रीनपाशीच होती. "पण आपली पाहुणी परत का येत नाही? विलीन कधी होणार?" होणारच नाही, कारण आमच्या ठिपक्यांना वस्तुमान नाही. खऱ्या दीर्घिका जाताना आपल्या गतीची ऊर्जा तारे आणि कृष्णद्रव्य (न दिसणारं, पण गुरुत्वाने ओढणारं द्रव्य) ढवळण्यात घालवतात, म्हणून मागे वळतात. ते दाखवायचं तर प्रत्येक ठिपक्याने प्रत्येकाला ओढायला हवं. 2000 ठिपके घेतले तर प्रत्येक पावलाला 19,99,000 जोड्या. तिने जर्नलच्या मागच्या पानावर तो गुणाकार तपासला आणि विचारलं, हे प्रोजेक्टला चालेल का?