माझा अनुभव : पाच बोटांत पाच बॉबी

मी बार्शी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. ही गोष्ट २०२४ च्या सप्टेंबरची. सप्टेंबर म्हणजे पोषण महिना, २०१८ पासून दरवर्षी असतो, त्यामुळे पत्र येतं, उपक्रम घ्या, फोटो अपलोड करा वगैरे. मी पण उत्साहात तक्ता केला, कार्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे, प्रत्येकाला वेगळा रंग, आणि पोरांनी दोन दिवसांत सगळं धडाधडा पाठ करून टाकलं. एक पोरगा तर इतका तयार, डाळ म्हटलं की प्रथिने, गूळ म्हटलं की लोह, विचारायची खोटी. छोटी सुट्टी झाली आणि बाहेर बघते तर हाच पठ्ठ्या पाच बोटांत पाच पिवळ्या बॉबी (दुकानात मिळतात त्या कुरकुरीत नळ्या) घालून फिरतोय आणि एकेक बोट चावतोय!

मग डोक्यात आलं की आपण नुसतं पाठांतर घेतोय. दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद करून सहज विचारलं की आज घरून काय खाऊन आलात. तर चहा-खारी, चहा-टोस्ट, चहा-बिस्कीट, काही जण नुसता चहा. आया सकाळीच खुरपायला जातात, त्यांना तरी कुठे वेळ असतो, त्यामुळे बऱ्याच पोरांचं दिवसातलं पहिलं खरं जेवण म्हणजे शाळेतली एक वाजताची खिचडी. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण असं एकेकाच्या तोंडून ऐकलं की वेगळंच वाटतं.

आणि इथे मी एक मोठी चूक केली, ती आधी सांगते. कुठेतरी व्हिडिओत बघितलेलं, डबा तपासायचा आणि स्टार द्यायचे. हिरवी भाजी असेल तर हिरवा स्टार, डाळ-उसळ असेल तर पिवळा, फळ असेल तर लाल. फोटो पण मस्त आले, केंद्रप्रमुख खूश. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, नाव नको, ती रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी आणायची. माझ्या यादीत चटणीला रकानाच नव्हता, त्यामुळे तिला तीन दिवस एकही स्टार नाही. चौथ्या दिवशी तिचा डबाच नाही, विचारलं तर "विसरला मॅडम". पाचव्या दिवशी पण विसरला. मग सोमवारी तिची आई शाळेत आली, हातात खुरपं तसंच, म्हणाली, "मॅडम, पोरगी म्हणती भाकरी देऊ नको, भाकरीला स्टार मिळत नाही. मग मी दहा रुपये देते तिला, दुकानातनं काय घ्यायचं ते घे म्हणते."

मला अक्षरशः काय बोलावं कळेना. म्हणजे मी पोषण शिकवायला निघाले आणि एका पोरीची भाकरी बंद करून तिला बिस्किटाच्या पुड्यावर आणलं. आणि गंमत बघा, पुडा डब्यात नसतो, तो खिशात असतो, त्यामुळे माझ्या तपासणीत तो येतच नव्हता! शिवाय त्या डब्यात कमी काय होतं? १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी पडतं ते थोडंफार शेंगदाणा आणि बरंचसं डाळ-कडधान्य भरून काढतं. आपल्या आज्यांनी हे तक्ता न बघता जमवलेलं आहे. मी तो स्टारचा कागद त्याच दिवशी काढला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात भाकरी-चटणी नेली. खरं सांगायचं तर मला भाकरी नीट थापता येत नाही, सासूबाईंकडून करून घेतली. वर्गातच खाल्ली, कुणाला काही बोलले नाही. त्या पोरीचा डबा परत यायला तरीही दोन आठवडे गेले.

नंतर ठरवलं की डब्याला हात लावायचा नाही, पुड्यांना लावायचा. पोरांना सांगितलं रिकामे पुडे फेकू नका, वर्गात आणा. तीन दिवसांत खोकं भरलं. मग मागची बारीक अक्षरं वाचायची, इंग्रजी असल्यामुळे पोरं चाचपडत वाचतात पण शुगर शब्द सगळ्यांना सापडतो. एका थंड पेयाच्या बाटलीवर लिहिलेलं, १०० मिलीला ११ ग्रॅम साखर, बाटली २५० मिलीची. करा गणित. दशांश अपूर्णांकाचा धडा चालूच होता, साडेसत्तावीस ग्रॅम आले. चहाचा एक चमचा पाच ग्रॅमचा धरून मी टेबलावर काचेच्या पेल्यात साडेपाच चमचे साखर टाकली, एक-एक मोजून, पोरं मोठ्याने आकडा म्हणतायत. शेवटचा अर्धा चमचा पडला तेव्हा वर्ग एकदम गप्प आणि मागून एक पोरगी म्हणते, "मॅडम, एवढ्यात आमच्या घरच्या सगळ्यांचा चहा होतो की ओ!" जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला अशी वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, ते मी सांगितलं, पण त्या पोरीच्या वाक्यापुढे माझं वाक्य फिकंच.

खिचडीचं पण असंच गणित केलं. शालेय पोषण आहाराच्या नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. आमच्या ३४ जणांना फक्त भाजीच १ किलो ७०० ग्रॅम लागते. पोरांनी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं तर मावशी चिडल्या, आणि बरोबर होतं त्यांचं, भाजीचे पैसे मागून येतात, तोवर त्या उधारीवर आणतात, वर मानधन तुटपुंजं. मग असं ठरलं की ज्याच्या शेतात जे असेल ते मूठभर आणायचं, चिगळ, तांदुळजा, शेवग्याचा पाला, दोन टोमॅटो, काहीही, आणि मावशींनी धुवून, निवडून घालायचं. पहिल्या दिवशी पोरांनी पाला वेचून ताटाच्या कडेला माळ लावली. मावशींनी दुसऱ्या दिवशी तो इतका बारीक चिरला की वेचायला काही उरलं नाही. चव घ्यायची पाळी माझी होती, नोंदवहीत मी "उत्तम" लिहिलं, खरंच चांगली झालेली.

मटकीच्या उसळीवर लिंबू मात्र मी हट्टाने सुरू केलं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्या-कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते आणि जेवणावर लगेच चहा प्यायलो तर उलटं होतं, एवढं साधं शास्त्र. लोहाच्या गोळ्यांचं पण यातच सुटलं. पाचवीपर्यंतच्यांना आठवड्याला एक गुलाबी गोळी असते, आम्ही ती सकाळी परिपाठानंतर द्यायचो, रिकाम्या पोटी पोरांना मळमळायचं आणि गोळ्या कुंडीत सापडायच्या. आता खिचडीनंतर देतो. शौचाला काळी होते म्हणून दोन पालक घाबरून आले होते, ते लोहामुळे होतं, घाबरू नका हे आधीच सांगायला हवं होतं. आणि चहाचं सांगितल्यामुळे माझा स्वतःचा एक वाजताचा चहा गेला, कारण ऑफिसच्या खिडकीत रोज दोन-तीन डोकी पहारा देतात. आता मी तीनला पिते, तोपर्यंत डोकं ठणकतं.

अंड्याचं तेवढं वाईट वाटतं. २०२३ च्या शेवटी आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालेलं, न खाणाऱ्यांना केळं, त्या दिवशी हजेरी बघायची. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबला, हवं तर लोकवर्गणीतून करा असं आलं. आम्ही वाढदिवस पकडतो, ज्याच्या घरी जमेल त्याने केकऐवजी वर्गाला अंडी द्यायची. महिन्यातून एखादा दिवस जमतं.

दुकानाचं काय झालं ते राहिलंच. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत असा २०२० चा नियम आहे, आणि आमच्या अण्णांचं दुकान फाटकापासून वीस पावलांवर. मी नियमाचा कागद घेऊन गेले तर म्हणाले, "मॅडम, कागद ठेवून जावा, पुडी बांधायला होईल." राग आला, पण भांडले नाही, गावात राहायचंय. पुढे पोरंच जाऊन फुटाणे आहेत का, चिक्की आहे का विचारायला लागली तेव्हा अण्णांनी दोन बरण्या ठेवल्या. बॉबीची माळ वर लटकतेच आहे अजून.

तो पाच बोटांवाला पोरगा आता सहावीत आहे. मागच्या आठवड्यात दिसला तर तीनच बोटांत बॉबी. मी मनातून खूश, म्हटलं, "अरे वा, कमी केल्या का?" तर म्हणतो, "नाही मॅडम, पाच रुपयांत आता कमीच येतात."