पडलेल्या नाटकाचा कागद

ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभं राहून जरा आजूबाजूला बघावं. कुणी नाटकाच्या पत्रिकेत वडा धरलेला असतो, कुणी त्याच पत्रिकेला बोटं पुसत असतो. घंटा झाली की तो बोळा तिथेच राहतो आणि माणसं आत जातात. चालत्या नाटकाचं त्यानं काही बिघडत नाही, पुढच्या प्रयोगाला नवी पत्रिका येते. पण संगीत नाटक चार प्रयोगांत पडलं, तर त्याच्या ऑर्गनवर कोण होतं आणि तबल्याला कोण, हे सांगणारा छापील कागद बहुधा तो बोळाच असतो.

हे कागद जमवणाऱ्यांची पहिली फसगत होते ती जुनं म्हणजे दुर्मीळ असं समजून. ‘सौभद्र’ १८८२ चं, पण ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि त्यातली पदं पुन्हापुन्हा छापली गेली. दुसरी फसगत प्रयोगांच्या आकड्यानं होते. ब्रॉडवेवर १९८८ साली ‘कॅरी’ नावाची संगीतिका आपटली. उद्घाटनाआधीचे १६ आणि नंतरचे ५, एवढेच प्रयोग झाले. पण तिथे पत्रिका प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात फुकट पडते आणि थिएटर होतं हजारावर खुर्च्यांचं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या धरल्या तरी प्रती दहा हजारांवर जातात. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत एकदाच झालेल्या हौशी संगीत नाटकाची पत्रिका शे-दोनशे निघाली तरी खूप, आणि तीही कधी सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून हातानं काढलेली. दुर्मीळ कशाला म्हणायचं ते इथे कळतं.

कधी नाटक दुर्मीळ नसतं, कागद असतो. ‘घाशीराम कोतवाल’ पुढे जगभर गेलं. पण १६ डिसेंबर १९७२ ला ते रंगमंचावर आणलं पुण्याच्या पीडीएनं (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन), आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनंच ते थांबवलं. पुढचे प्रयोग थिएटर अकादमीचे. म्हणून पत्रिकेवर आधी संस्थेचं नाव वाचावं, मग नाटकाचं.

ठाण्यात शोधायचं तर मोठ्या दुकानांत फारसं हाती लागत नाही. नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की पोटमाळे रिकामे होतात आणि सगळं किलोच्या भावानं रद्दीत जातं. रद्दीवाल्याकडे ‘नाटकाची पत्रिका’ मागितली तर तो नाही म्हणेल आणि ते खरंच असेल, कारण त्यानं ती वेगळी काढलेली नसते. दिवाळी अंक आणि पेटीच्या नोटेशनच्या वह्या मागाव्यात आणि पानं झटकावीत. पत्रिका खूण म्हणून घातलेली सापडते.

सापडली की पहिला प्रश्न सालाचा. आपल्या नाट्यसंस्था वार छापतात, तारीख छापतात, वेळ ‘रात्रौ ८.३०’ अशी ठसठशीत छापतात आणि साल तेवढं विसरतात. पण वार आणि तारीख मिळून बरंच बोलतात. ‘शनिवार, दि. १४ नोव्हेंबर’ हे १९६० ते २००० या काळात १९६४, १९७०, १९८१, १९८७, १९९२ आणि १९९८ याच वर्षांत जुळतं. त्यावर गडकरी रंगायतनचं नाव असेल तर पहिली दोन बाद, कारण रंगायतनच १९७८ चं. दर ‘न. पै.’मध्ये, म्हणजे नव्या पैशांत असतील तर कागद १९५७ ते १९६४ मधला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा. दूरध्वनी २ पासून सुरू होणारा आठ आकडी असेल तर २००२ च्या अलीकडचा. उरलेल्या दोन-तीन वर्षांच्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती चाळल्या की निकाल लागतो.

झेरॉक्स ओळखायला भिंग लागत नाही. खिळ्यांची, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून केलेली छपाई असेल तर मागच्या बाजूनं बोट फिरवलं की अक्षरांचा उठाव लागतो. झेरॉक्स सपाट असते आणि घडीवर तिची काळी पूड सुटते.

मग जपणुकीचा भाग, आणि इथे सगळ्यात जास्त नुकसान प्रेमानं होतं. लॅमिनेशन करू नये. उष्णतेनं चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही आणि आतला कागद पिवळा पडायचा तो पडतोच. चिकटवहीत खळ लावून डकवणं म्हणजे कसरीला आमंत्रण. सेलोटेपचा तपकिरी पट्टा टेप गळून पडली तरी राहतो. मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांना शाई चिकटते, म्हणून पॉलिएस्टरची पिशवी घ्यावी, कागदापेक्षा अर्धा इंच मोठी. पुस्तिकेची पिन गंजली असेल तर ती ओढू नये. आधी आतल्या बाजूनं तिचे दोन्ही पाय पातळ पात्यानं सरळ करावे, मग पाठीकडून अलगद उचलावी आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवावा. घड्या पडलेला कागद दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर तीन-चार किलोचं वजन आठवडाभर ठेवावं. इस्त्रीचा मोह आवरावा. जून ते सप्टेंबर खोका उघडूच नये हे उत्तम. उघडलाच तर सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात, कारण ठाण्याच्या पावसाळ्यात त्या लवकर ओल्या होतात. नोंद करायची ती पिशवीवर, कागदावर नाही. अगदीच लागलं तर मागं शिसपेन्सिलीनं.

आणि वड्याच्या तेलाचा डाग? तो काढायला पेट्रोल, टाल्कम पावडर असलं काही लावू नये. शेजारच्या कागदाला तेल लागू नये म्हणून ती पत्रिका वेगळ्या पिशवीत ठेवावी, बस. उलट तो डाग कामाचाच असतो. एरवी पत्रिका प्रयोगाच्या आधीच छापलेली असते. आयत्या वेळी नट बदललेला असतो, कधी प्रयोगच रद्द झालेला असतो. कोरी करकरीत पत्रिका एवढंच सांगते की प्रयोग ठरला होता. डाग पडलेली पत्रिका सांगते की निदान मध्यंतरापर्यंत तो झाला. मात्र ही साक्ष फक्त श्रेयनामावलीच्या पत्रिकेची धरावी. पुढच्या आठवड्याच्या हँडबिलावर डाग असेल, तर कुणीतरी दुसऱ्याच नाटकाला वडा खाल्ला एवढाच त्याचा अर्थ.