पलंगाखालची माणसं आणि पाकातलं रक्त

'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) या भयपटातला नट केव्हिन बेकनच्या पात्राचा खून पुन्हा पाहाल तेव्हा फक्त गादीकडे बघा. पलंगावर त्याचं डोकं तेवढं खरं आहे. तो स्वतः पलंगाखाली गुडघ्यांवर बसलाय, गादीला पाडलेल्या भोकातून डोकं वर काढलंय आणि हनुवटीखालचा गळा आणि छाती खोटी आहे. त्या खोट्या गळ्यातून खालून बाण वर ढकलायचा आणि त्याच क्षणी पंपाने नळीतून रक्त सोडायचं, अशी मेकअप आणि स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या टॉम सॅव्हिनीची मांडणी.

ऐन टेकमध्ये पंपाची नळी निसटली. गळा एकदा फाटला की पुन्हा सगळं नव्याने बनवायचं, त्यामुळे थांबणं परवडणारं नव्हतं. सॅव्हिनीचा सहायक टासो स्टाव्राकिस याने ती नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. पडद्यावर रक्त बुडबुडत, ठोक्याठोक्याने उसळतं ते त्यामुळे. पंप नीट चालला असता तर एकसारखी धार आली असती आणि हा शॉट इतका अंगावर आला नसता, असं माझं ठाम मत आहे.

आता रक्ताबद्दल. त्या काळातल्या मेकअपवाल्यांचं प्रमाण हॉलिवूडचा मेकअप कलाकार डिक स्मिथच्या कृतीवरून आलेलं. साधारण ९५० मिली पांढरं कॉर्न सिरप, १ चमचा मिथाइलपॅराबेन, ६० मिली लाल खाद्यरंग, ५ चमचे पिवळा खाद्यरंग आणि ६० मिली फोटो-फ्लो. मिथाइलपॅराबेन आधी तेवढ्याच पाण्यात कालवायचं, मग रंग, शेवटी सिरप. मिथाइलपॅराबेन हे रक्त टिकण्यासाठी असतं, नाहीतर साखरेचा पाक आंबतो. नुसता लाल रंग घातला तर पातळ थरात गुलाबी दिसतो, म्हणून पिवळा. आणि फोटो-फ्लो हे फिल्म धुताना वापरायचं रसायन इथे कशाला? नुसता पाक त्वचेवर थेंब धरून बसतो, कापडात मुरत नाही. हे घातलं की तो पसरतो, शर्ट भिजतो. पण ते विषारी आहे. तोंडातून रक्त काढायचं असेल किंवा डोळ्यांजवळ जाणार असेल तर ते अजिबात घालायचं नाही, वेगळं रक्त कालवायचं. दिव्यांच्या उष्णतेत पाक आटून चिकट होतो आणि खाद्यरंग कपड्यातून निघत नाही. म्हणून दर टेकला नवा शर्ट.

शेवटचा शिरच्छेदही असाच जोडकामाचा. खुनी बाईचं काम करणाऱ्या बेट्सी पामरच्या जागी खोटं डोकं आणि स्वेटरच्या बाह्यांतून बाहेर आलेले हात स्टाव्राकिसचे. स्लो मोशनमध्ये बोटांवरचे केस स्पष्ट दिसतात. मला ही चूक खटकत नाही. सुमारे साडेपाच लाख डॉलरमध्ये एवढं जमवणं सोपं नव्हतं.

संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनीच्या संगीताचा नियमही तितकाच कडक. खुनी आसपास असेल तेव्हाच संगीत वाजतं. कोणी गंमत म्हणून मित्राला घाबरवतोय तिथे शांतता. 'की की की, मा मा मा' हा कुजबुजता आवाज 'किल' आणि 'मॉमी' या शब्दांच्या पहिल्या अक्षरांचा. मॅनफ्रेडिनीने तो स्वतः मायक्रोफोनमध्ये म्हणून प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढला. अनेकांना तो अजूनही 'चा चा चा' ऐकू येतो.

अशा मेहनतीचं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते कात्रीने. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' हा नोव्हा स्कोशियातल्या सिडनी माइन्समध्ये चित्रित झालेला कॅनडाचा चित्रपट आला. अमेरिकेत 'आर' (१७ वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच पाहायचा) प्रमाणपत्रासाठी त्यातली सुमारे नऊ मिनिटं गेली. खून दाखवताना तीन गोष्टी लागतात: हत्यार उठणं, लागणं आणि त्यानंतरचा माणूस. मधला तुकडा काढला की कुदळ उठते आणि लगेच प्रेत दिसतं. प्रेक्षकाला धक्का बसायच्या आत दृश्य संपतं. २००९ च्या डीव्हीडीत यातली सुमारे तीन मिनिटं परत आली. पाहायचा तर तोच पाहा. परत जोडलेले तुकडे जरा खरखरीत दिसतात, त्यामुळे कात्री नेमकी कुठे लागली होती ते फ्रेमगणिक कळतं.